दुसऱ्या दिवसाची वाट

जिन्यात दोघांची पहिली भेट झाली तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती, आणि तो तिचं कोपर घट्ट धरून तिच्या कानाशी ओरडत होता, "आजी, घाबरू नका हं! मी आहे ना!"

खरं वय सव्वीस. पण त्या दिवशी तिच्या घोट्यांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या, गुडघ्यांवर जाड पट्टे आवळले होते, कानांत कापूस, डोळ्यांवर पिवळट काचांचा चष्मा आणि अंगात पाठ वाकवणारं जडशीळ जाकीट. वर डोक्याला रुमाल. वृद्धोपचार मंडळाची ही जुनीच रीत. म्हाताऱ्या माणसांवर उपचार करणारे डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट असे सगळे या मंडळाचे सभासद, आणि नव्या सभासदाने आधी अर्धा दिवस हा पोशाख घालून म्हातारं व्हायचं. जिने चढायचे, बटणं लावायची, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची. मग सभासदत्व.

आमची नायिका फिजिओथेरपिस्ट. तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी पाच मिनिटं बसणं तिला जमायचंच नाही. त्यामुळे हा पोशाख तिला सगळ्यांत जास्त जाचत होता, आणि त्यात हा कुठला कोण येऊन कोपर पिरगाळतोय.

"मला चालायचंय," ती म्हणाली.

"नंतर चाला. आधी बसा." त्याने जिन्याच्या चौकातली चाकाची खुर्ची ओढली आणि तिला बसवलंसुद्धा.

आता मात्र तिला खोडी सुचली. आवाज थरथरता करून तिने विचारलं, "कुठं नेतोस रे बाळा?"

"डॉक्टरांकडे."

"आणि तू कोण?"

"मी पण डॉक्टरच आहे, आजी."

"अगं बाई," ती म्हणाली आणि गप्प बसली, कारण हसू फुटायच्या बेतात होतं.

त्याने खुर्ची थेट सभागृहात नेली. समोर मंडळाच्या अध्यक्षबाई, पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा. त्या शांतपणे म्हणाल्या, "चिटणीस, आमच्या नव्या सभासदाला खुर्चीत का कोंबलंय? आणि तुमचं भाषण सुरू करा आता. विषय ठाऊक आहे ना? वृद्धांशी कसं वागावं."

भिंगरीने चष्मा काढला. सभागृह खो-खो हसत सुटलं. चिटणीस कानापर्यंत लाल झाला. एरवी हा पोशाख तोच कपाटातून काढून द्यायचा. पण त्या दिवशी उशीर झालेला, जिना अंधारा, आणि डोक्यात भलतंच काहीतरी. काय, ते तिला पुष्कळ नंतर कळलं.

चहाच्या वेळी तो कप घेऊन तिच्याजवळ आला. "माफ करा. फारच..."

"दहापैकी दोन मार्क," ती म्हणाली.

"दोन तरी कशाचे?"

"एक जिना अंधारा होता म्हणून. आणि एक... हात गरम होता म्हणून." बोलून गेली आणि जीभ चावली.

तो हसला. हसला की त्याची उजवी भुवई आधी वर जायची. "उरलेले आठ कसे मिळतील?"

"कोपर पकडायचं नाही. माणूस म्हणजे काय पिशवी आहे, उचलली की चाललो? आपला हात पुढे करायचा, तळवा वर. धरायचा की नाही, ते ज्याचं तो ठरवेल."

त्याने तळवा वर करून हात पुढे केला. "असा?"

तिने त्या हाताकडे पाहिलं. मग आपला रिकामा कप त्यात ठेवला आणि म्हणाली, "अस्सा." आणि निघून गेली. पण घरी जाईपर्यंत वारा सुटला होता आणि तिला उगाचच दोन बसथांबे पुढे चालत जावंसं वाटलं.

अध्यक्षबाईंनी आठवड्याभरातच दोघांना एका कामाला जुंपलं. मंडळाला एक नियमावली करायची होती. म्हातारं माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं, आणि मग सगळे त्याला जपायच्या नावाखाली पलंगावर निजवून ठेवतात. पाय तिथंच संपतात. मंडळाला सांगायचं होतं की ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्याला उभं करा. वॉर्डातली नर्स एकटीच्या जबाबदारीवर हे करायला घाबरते. उद्या काही झालं तर? पण मंडळाने लिहून दिलं की तिच्या पाठीशी सगळं मंडळ उभं. म्हणून त्या चार पानांना एवढं महत्त्व.

रोज दुपारनंतर मंडळाच्या कचेरीत दोघं समोरासमोर बसायची. म्हणजे तो बसायचा, ती खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारायची.

"परत 'शक्यतो' लिहिलंत?" ती त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणायची. "'शक्यतो दुसऱ्या दिवशी, शक्यतो उभे करावे.' अहो, असं वाचून कोण कुणाला उठवेल?"

"सावध असावं माणसाने."

"सावध की घाबरट?"

"शक्यतो सावध."

ती खोडायची, तो परत लिहायचा. कधी बोटाला बोट लागायचं आणि दोघंही एकदम पानाचा क्रमांक तपासायला लागायची. घरी तिची मावशी म्हणाली, "हल्ली तू भाजीत मीठ दोनदा घालतेस. नियमावलीत काय घालतेस कोण जाणे." भिंगरीने मिठाचा डबा बाजूला सारला. तिचा जीवच थाऱ्यावर नव्हता.

कारण एक गोष्ट तिला खात होती. साडेपाच वाजले की हा माणूस अर्धं वाक्य टाकून उठायचा. फोन बघायचा, चेहरा पडायचा, "येतो" म्हणून सुटायचा. एकदा तिने विचारलं, "कुणी वाट बघतंय वाटतं?" तो नुसताच "हो" म्हणाला. त्या "हो"ने तिची झोप उडवली. असेल कुणी. असेना. आपल्याला काय करायचंय? असं स्वतःला बजावून ती फरशी पुसायला घ्यायची, आणि पुसलेलीच परत पुसायची.

वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी तो आलाच नाही. फोन लागेना. शेवटच्या पानावर त्याची सही हवी होती. "त्याच्या घरी देऊन ये," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि चष्म्यावरून तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. भिंगरीचे पाय तिच्याआधीच निघाले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून एका बाईचा आवाज आला, "कोण ते? आत ये. मला काही उठता येत नाही. म्हणजे येत असेल, पण परवानगी नाही."

खोलीत पलंग होता, पलंगाला दोन्ही बाजूंनी उंच कठडे, आणि आत उशीला टेकून बसलेली एक बाई. सत्तरीची, तरतरीत डोळ्यांची. भुवई उजवीच आधी वर गेली. "तू भिंगरी ना? कप हातात देऊन गेलेली?"

भिंगरीचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसऱ्या काळजीने वर आला. "काकू, ऑपरेशन कधी झालं?"

"सव्वा महिना झाला. खुबा. माझा मुलगा म्हणे नियम लिहितोय, दुसऱ्या दिवशी उठवा म्हणून." त्या कठड्यावर बोटं वाजवत म्हणाल्या, "मी सव्वा महिना त्या दुसऱ्या दिवसाची वाट बघतेय."

भिंगरीने पांघरूण बाजूला करून पाय पाहिले. पोटऱ्या सुकल्या होत्या. अजून थोडे दिवस असेच गेले असते तर या बाई पुन्हा चालल्याच नसत्या. "पायाची बोटं हलवा बरं." बोटं हलली. घोटे वळले. गुडघाही वर आला.

"त्याच्या नकळत करते," काकू कुजबुजल्या. "तो आला की निजते. त्याला बरं वाटतं."

तो आला तो औषधाची पिशवी घेऊन, आणि तिला बघून दारातच थबकला. ती त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. 

"रोज साडेपाचला यासाठी पळत होतात? पहारा द्यायला?"

"उठवलं होतं मी," तो हळू म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी. मीच, या हातांनी. रक्तदाब उतरला, डोळे फिरले, आणि... माझ्या हातातून निसटली. डोकं पलंगाला आपटलं. काही झालं नाही, टाके पडले फक्त. तिला तर ते आठवतही नाही. पण तो आवाज... तेव्हापासून कुणी उठताना दिसलं की मी त्याला खाली बसवतो. तुला नाही का बसवलं जिन्यात?"

तो पहिल्यांदाच "तू" म्हणाला होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती हुरळली असती.

"उद्या उभं राहून चार पानं वाचणार? दुसऱ्यांच्या आयांसाठी?"

त्याने पिशवीतली औषधं ओट्यावर मांडायला घेतली.

"मला द्या त्यांना. मी उठवते."

"नंतर. जरा ताकद आली की... शक्यतो पुढच्या आठवड्यात."

"ताकद पडून राहून येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच लिहिलंय." तिने कागद ओट्यावर ठेवले. "सही करा नाहीतर करू नका. पण दोन्ही नका करू, तिकडे नियम आणि इकडे कठडे." आणि ती निघाली. जाता जाता काकूंनी हाक मारली तरी थांबली नाही, कारण डोळे भरले होते. काकूंसाठी की त्याच्यासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. भिंगरी सगळ्यांत मागे, दाराजवळ उभी. बाहेर वाऱ्याने खिडक्या आपटत होत्या. चिटणीस व्यासपीठावर गेला, पानं उलगडली, आणि पुन्हा मिटली.

"ठराव मांडण्याआधी एक सांगायचंय," तो म्हणाला. "माझी आई सव्वा महिना पलंगावर आहे. मीच ठेवलीय. हे सगळं ठाऊक असून."

 तो अडखळत पुढे बोलला. जिथं स्वतःचं माणूस असतं तिथं आपलं शिक्षण गळून पडतं, म्हणाला. इथं बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी असं असेल, विचारा स्वतःला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या नर्सबाईंनी मान खाली घातली.

"म्हणून एक दुरुस्ती सुचवतो. सभासदाने स्वतःच्या घरच्या माणसावर स्वतः उपचार करू नये. मंडळातल्या दुसऱ्या सभासदाच्या हाती द्यावं. आणि मंडळाने तो सभासद घरी पाठवावा. आणखी एक... मसुद्यातला 'शक्यतो' हा शब्द सगळीकडून काढावा."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "अनुमोदन कोण देतंय?"

मागून आवाज आला, "मी."

सगळ्यांच्या माना वळल्या. भिंगरीला वाटलं, जमीन दुभंगावी. पण हात वर केलाच होता, तो खाली घेतला नाही. हळूहळू सभागृहातले इतर हातही वर झाले.

"ठराव मंजूर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि पहिलं घर कुणाकडे द्यायचं, हे काही मला मतदानाला टाकायची गरज दिसत नाही."

त्याच दुपारी कठडे खाली आले. पहिल्या दिवशी काकू नुसत्या पाय खाली सोडून बसल्या. भिंगरी दर थोड्या वेळाने रक्तदाब बघायची, डोळ्यांत बघायची, गप्पा मारायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, जरा जास्त वेळ. पुढचे दोन-तीन दिवस चिटणीस दारातून आत-बाहेर करत राहिला. शेवटी भिंगरीने त्याला खिडकीजवळ उभं केलं आणि सांगितलं, "हात मागे. हलायचं नाही. ओरडायचं तर मुळीच नाही."

तिने काकूंच्या कमरेला पट्टा बांधला, समोर वॉकर ठेवला आणि बाजूला उभी राहिली. आपला हात पुढे केला, तळवा वर. काकूंनी त्या तळव्याकडे पाहिलं, हसल्या, आणि एका हाताने वॉकर, दुसऱ्याने तो हात धरला. उठल्या. पाय लटपटले. चिटणिसाचा श्वास ऐकू आला, पण तो जागचा हलला नाही. काकू उभ्या होत्या.

"खिडकीतून काय दिसतं ते विसरलेच होते," त्या म्हणाल्या. "बाजूला हो रे, मध्ये उभा आहेस."

तो बाजूला झाला. त्या दोन पावलं चालल्या, मग आणखी एक. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाऱ्यावर फडफडत होते. काकू बराच वेळ ते बघत राहिल्या, आणि चिटणीस भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिला.

काकू खुर्चीत टेकल्यावर भिंगरी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तो मागून आला.

"किती मार्क?" त्याने विचारलं.

"सात. फार जोरात श्वास घेतलात."

"मला तू... म्हणजे..." तो थांबला. "मला तू आवडतेस."

"शक्यतो?"

"तो शब्द ठरावाने काढलाय. अनुमोदन तुझंच होतं."

तिला हसायचं होतं, पण जमलं नाही. इतक्या दिवसांची सगळी चालढकल, सगळी पुसलेली फरशी एकदम आठवली. तो काही जवळ आला नाही. त्याने तिचं कोपर धरलं नाही की खांद्याला हात लावला नाही. नुसता हात पुढे केला, तळवा वर, आणि थांबला. 

या वेळीही तिच्या हातात कप होता. तो तिने ओट्यावर ठेवला, आणि त्याचा हात धरला.

बाहेरून काकूंचा आवाज आला, "अहो सभासद, मला पुन्हा उभं राहायचंय. तुमचं आटपलं की या. घाई नाही."

दोघं तशीच उभी राहिली. आणि भिंगरीला, कितीतरी दिवसांनी, कुठंही जावंसं वाटलं नाही.