सतरावं पान

पुस्तक हातात घेतल्याशिवाय त्याची नोंद करायची नाही, हा ताईंचा नियम. प्रकाशकाची छापील यादी येवो नाहीतर खुद्द लेखकाचा फोन, ताई कुणाला दाद देत नसत. पुस्तक टेबलावर यायचं, उघडलं जायचं, पानं मोजली जायची, पट्टी लावून उंची घेतली जायची आणि मगच ते सूचीत चढायचं. एकतीस वर्षांत ग्रंथालयाच्या एक्केचाळीस हजार नोंदी झाल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक ताईंच्या हातच्या होत्या. नव्या ग्रंथपालबाई वयानं लेकीएवढ्या आणि भारी चौकस. पण ताईंच्या नोंदीवर त्याही डोळे झाकून सही करत.

त्या वर्षी ग्रंथपालबाईंनी सगळी सूची खुली करायचं ठरवलं. मुक्त परवाना लावायचा आणि नोंदी जगापुढे ठेवून द्यायच्या, म्हणजे कुठल्याही ग्रंथालयाला त्या उचलता येतील, वापरता येतील, त्यांत भर घालता येईल.

"पण ताई, एकदा दिलं की दिलं," त्या म्हणाल्या. "कोण काय बदलतंय, काय जोडतंय, ते आपल्याला विचारायला येणार नाही. आणि परतही मागता यायचं नाही."

"द्या की बिनधास्त. नोंद म्हणजे पुस्तकाचा पत्ता. पत्ताच कुलपात ठेवला तर पुस्तकाकडे जायचं कुणी?"

बोलून गेल्या खऱ्या, पण खुर्चीवर येऊन बसल्या आणि त्यांना ती एक नोंद आठवली.

लेखिका म्हणून तिथे त्यांच्या मुलीचं नाव होतं. घरात तिला टिल्ली म्हणत. पानं सोळा, प्रत एक. आठव्या वर्षी टिल्ली आजारी पडली ती उठलीच नाही. अंथरुणावर उशीला टेकून ती पेन्सिलीनं एक गोष्ट लिहीत होती. एका बसला आपला थांबा सापडत नाही आणि ती तो गावभर शोधत फिरते, अशी ती गोष्ट. सोळाव्या पानाच्या तळाशी लिहिलेलं होतं, 'मग बस वळली आणि'. पुढे काही नाही. टिल्लीचे बाबा त्याच ग्रंथालयात बाइंडर होते. त्यांनी ती सोळा पानं शिवून कापडी पुठ्ठ्यात बांधली, आणि ताईंनी पुस्तक रीतसर हातात घेऊन, पानं मोजून नोंद केली. पुस्तक घरी कपाटाच्या खणात गेलं, नोंद मात्र सूचीत राहिली. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तो खण नवरा-बायकोनं एकमेकांदेखत कधी उघडला नव्हता.

खरं म्हणजे ती नोंद आता काढायला हवी होती. ताईंचं बोट बटणावर होतं. त्यांनी ती काढली नाही. असू दे पोरीचं नाव जगात कुठेतरी, असं त्यांना वाटलं.

दोन महिन्यांनी ग्रंथपालबाई लॅपटॉप घेऊन ताईंच्या टेबलाशी आल्या. दूरच्या कुठल्याशा ग्रंथालयानं त्या नोंदीला आपलं नाव जोडलं होतं. आमच्याकडे एक प्रत आहे, पानं सोळा.

"घाऊक नोंदी उचलल्या असतील," ताई म्हणाल्या. "न बघता जोडून मोकळे. असे आळशी लोक सगळीकडे असतात."

पुढच्या आठवड्यात आणखी एका ग्रंथालयानं प्रत असल्याचं कळवलं, पानं चाळीस. मग तिसऱ्यानं, आणि त्यांची पानं होती एकशे अठरा.

ग्रंथपालबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "ताई, हे पुस्तक आहे तरी कुठे?"

"माझ्या घरी. एकच प्रत आहे."

"मग आपल्या नावावर चुकीची माहिती जगभर फिरतेय. परत मागता येत नाही, पण ही नोंद रद्द समजावी असं पत्र तरी सगळ्यांना पाठवू. तुमची सही लागेल."

सही केली की उरलंसुरलं तेवढंही गेलं, हे ताईंना कळत होतं. "शनिवारपर्यंत थांबाल?" त्यांनी विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांनी कामाला मुदत मागितली नव्हती. ग्रंथपालबाईंनी मान डोलावली.

तिसऱ्या ग्रंथालयाला ताईंनी पत्र लिहिलं. दुसऱ्याच दिवशी तिथल्या सूचीकाराचं उत्तर आलं, अगदी साधं आणि अगत्याचं. पुस्तक आमच्या बालविभागात आहे, मुलं सारखी नेतात, आत्ताच परत आलंय, पाठवून देतो. खात्री पटावी म्हणून सतराव्या पानाचं चित्र सोबत जोडलंय.

ताईंनी ते छापून घेतलं आणि संध्याकाळी घरी टिल्लीच्या बाबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

'तिनं ठरवलं, की रस्ता विचारायला लाजायचं नाही.'

पेन्सिलीची अक्षरं ओळ सोडून खाली घसरलेली होती. बाबांनी कागद दूर सारला. "कुणीतरी चेष्टा करतंय." मग तो पुन्हा जवळ ओढला आणि बराच वेळ बघत राहिले. "ओळीवर लिही गं, ओळीवर लिही, म्हणून किती ओरडायचो मी तिला," ते म्हणाले. त्यांचा चहा तसाच गार झाला.

"शनिवारी काय करणार आहेस?"

"पुस्तक येऊ द्या. हातात आल्याशिवाय मी काही म्हणणार नाही."

पार्सल शुक्रवारी दुपारी आलं. ताईंनी ते न फोडताच पिशवीत टाकलं आणि अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घर गाठलं.

घरी बाबांनी दोरी सोडली. पुस्तक उघडायच्या आधी त्यांनी ते पालथं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि आतली शिवण बाहेर दिसेल इतपत पानं फाकवली. हाताखालून हजारो पुस्तकं गेलेला माणूस. त्यांचा चेहरा बघून ताई खुर्चीत बसल्या.

"गाठ माझी आहे," ते म्हणाले. "डावखुऱ्याची आहे. अशी उलटी गाठ दुसरं कुणी मारत नाही. पण हे मी शिवलेलं नाही गं."

त्यांनी कपाटाचा खण उघडला. तिथलं पुस्तक जागच्या जागी होतं, सोळा पानांचं. दोन्ही पुस्तकं त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

ताई मोठ्यानं वाचू लागल्या. बस पूल ओलांडून गेली, घाटात दमली, एका गावात स्वतःलाच तिकीट फाडून देणारा कंडक्टर तिला भेटला. तिथे दोघं इतकी हसली की ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. टिल्लीच्या नावानं ती दोघं मिळून कधी हसलीच नव्हती. पन्नासाव्या पानापुढे अक्षरं हळूहळू ओळीवर चढत गेली. शंभराव्या पानानंतर ते एका मोठ्या मुलीचं अक्षर झालं, नीटस आणि घाईचं. वाक्यं लांबली. खोडकरपणा मात्र तोच होता.

"शिकली गं," बाबा म्हणाले. "कुठेतरी शिकली."

सूचीकारानं एकशे अठरा पानं लिहिली होती. ताईंनी मोजली तर एकशे एकोणीस भरली. पुन्हा मोजली तरी तेवढीच.

शेवटच्या पानावर तीनच ओळी होत्या.

'बस एका गल्लीत शिरली. कोपऱ्यावरच्या शाळेचं फाटक आता निळं आहे. दुसऱ्या मजल्यावर दोघं जण वाचत बसलीत.'

त्यांच्या गल्लीतल्या शाळेचं फाटक गेल्याच महिन्यात रंगवलं होतं.

दोघांनी खिडकीकडे बघितलं. खाली ऊन होतं. एक बाई हातगाडी ढकलत चालली होती. बस नव्हती.

ताईंनी कोरा कागद घेतला आणि ग्रंथपालबाईंना लिहिलं, 'पुस्तक हातात घेऊन पाहिलं. नोंद खरी आहे. रद्द करू नये.' सही नेहमीसारखी आली.

"पानं किती लिहिलीस?"

"लिहिली नाहीत. लेखन चालू असलं की ती जागा मोकळी सोडतात."

हे बोलताना त्या पुस्तक मिटायला गेल्या आणि तशाच थांबल्या.

तीन ओळींच्या खाली चौथी ओळ होती.

त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. शिसं अंगठ्याला लागलं.

"काय गं? काय आहे?" बाबांनी टेबल चाचपलं, पार्सलचा कागद उचलून पाहिला, दोन्ही पुस्तकांखाली हात घातला. "थांब जरा, चष्मा कुठे ठेवला मी... तू वाच ना."

ताईंनी वाचलं.

"'बाबा, चष्मा कपाळावरच आहे.'"

बाबांचा हात हळूहळू वर गेला. चष्मा तिथेच होता.

टिल्ली गेली तेव्हा त्यांची नजर चांगली होती. चष्मा लागला तो त्यानंतर बारा वर्षांनी.