चित्रकार अज्ञात

"ओ मॅडम! पुस्तकावर काय लिहिताय?"

जयनगरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात तनय जवळजवळ ओरडलाच. पुण्याहून येऊन दोन वर्षं झालेली, कन्नडचं अक्षर वाचता येत नाही, तरी घरी चाळीस जुन्या कन्नड पॉकेटबुक कादंबऱ्या — फक्त कव्हरांसाठी! आणि इथं ही मुलगी तसल्याच एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर खुशाल पेन्सिल चालवत होती.

"चित्रकाराचं नाव लिहितेय," ती कानडी हेलाच्या मराठीत म्हणाली. "लेखकाचं छापलंय, प्रेसचंसुद्धा छापलंय. ज्यानं चित्र काढलं त्याचं काय?"

"पण पुस्तक खराब होतं ना! अशी चाळीस आहेत माझ्याकडे! आम्ही जमवणारे लोक—"

"जमवणारे?" आता तिनं वर पाहिलं. डोळ्यांत नुसता जाळ. "एक शहाणा रोज नेटवर ही कव्हरं टाकतो. खाली लिहितो, 'चित्रकार अज्ञात'! अहो, तो अज्ञात चामराजपेटेत राहतो. सकाळी तीन इडल्या खाल्ल्यात त्यानं, चटणी स्वल्प तिखट झाली म्हणून माझ्यावर ओरडलापण! माझा अज्जा आहे तो. नरसिंहराव."

तनयचे कान तापले. पळावं वाटलं... पण नजर तिच्या हातावरच अडकली. करंगळी जराशी बाहेर वाकलेली. ही करंगळी त्यानं कितीदा पाहिली होती — पत्र धरताना, पिस्तूल धरताना, प्रत्येक कव्हरवरच्या नायिकेची!

"ही करंगळी..."

"अज्जीची. अहल्याची. अज्जा तिलाच समोर बसवायचा. तुम्हाला काय माहीत?"

"तो शहाणा — मीच."

पेन्सिलीचं टोक मोडलं.

"एकदा तरी कुणाला विचारलंत?"

"कन्नड येत नाही म्हणून लाज वाटली..."

"मग आता वाटू दे! रविवारी या, चाळीसच्या चाळीस घेऊन. सही करेल अज्जा. त्याची नजर जात चाललीय."

रविवारी नरसिंहरावांनी एकेक पुस्तक नाकाशी धरून सह्या केल्या. एकोणचाळीस झाल्या.

"चाळिसावं घरी राहिलं," तनय पुटपुटला.

त्यांच्या नातीनं, मनस्विनीनं, त्याच्या बॅगेत हात घातला आणि पुस्तक बाहेर काढलं. "खोटारडा! अज्जाला दिसेनासं होतंय, आणि तू एक लपवून ठेवतोस?"

"परत यायला निमित्त हवं होतं..."

"निमित्त? तोंड नाही तुला?"

"मनू, भांडण नंतर," नरसिंहराव म्हणाले. "आण इकडे."

त्यांनी सही केली. थांबले. मग खाली हळूच आणखी काही लिहिलं — 'हात : अहल्या.'

"अज्जा!" मनस्विनी भडकली. "इतकी वर्षं तूपण तिचं नाव नाही टाकलंस?"

म्हातारा नुसता हसला. पापण्या मात्र ओल्या.

जिन्यात तनय थांबला. "सरळच सांगतो. मला तू आवडतेस. पुढच्या रविवारी येऊ?"

तिनं करंगळीनं त्याच्या बॅगेचा पट्टा ओढला. राग गेला नव्हताच, पण ओठ हसायला लागले होते...

"येऊ काय विचारतोस? एकोणचाळीस पुस्तकांवर अज्जीचं नाव राहिलंय!"