उगवणखोलीचं बोलावणं

जालना-बदनापूर रस्त्यावरच्या त्या बियाणं कंपनीत २००५ साली भांडणं व्हायची ती एकाच खोलीवरून. बियाणं उगवतं की नाही हे तपासायला ओल्या कागदावर दाण्यांच्या ओळी मांडायच्या, कागद गुंडाळायचा आणि त्या उबट, दमट उगवणखोलीत फळीवर ठेवून द्यायचा. कपाशीवाले आत असले की सोयाबीनवाले दारात ताटकळायचे. शेवटी मॅनेजर अप्पारावांनी संगणक सांभाळणाऱ्या मच्छिंद्रला फर्मावलं, सगळ्यांचं मिळून एकच कॅलेंडर कर, कोण कधी आत जाणार ते सगळ्यांना दिसू दे.

मच्छिंद्र कामात चोख आणि स्वभावाने भलताच सोवळा. दुसऱ्याने हात लावलेला कीबोर्ड पुसल्याशिवाय त्याचं बोट पुढे सरायचं नाही. त्याने सगळ्यांची नावं भरली. वेळ राखून ठेवता यावी म्हणून खोलीचंही नाव माणसासारखंच भरावं लागलं. शहागडकडे शेतं फिरणारी मंडळी संगणकाला शिवणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने एक सोय करून टाकली. कॅलेंडरातून कुणीही बोलावणं धाडलं की ते आपोआप स्वीकारलं जायचं. आपल्या हुशारीचं त्याला कौतुक वाटलं.

आठवडा झाला नाही तोच एक नोंद दिसली. सोमवार, सकाळी अकरा, अजमत. बोलावणारं नाव उगवणखोलीचं होतं.

कुठेतरी चुकलं असेल म्हणून त्याने ती पुसली. चहा पिऊन येईतो नोंद परत जागेवर. अकराला क्षेत्र अधिकारी अजमत खरंच खोलीत गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. गळपट्टी ओली, अंगाला आंबलेल्या पेंडीचा वास.

"अजमतभाई, आत काय काम होतं?"

"काम काय न्हाई साहेब. बोलावलं म्हणून गेल्तो. बिलकुल थंडगार हाय आत."

त्या खोलीत उभं राहिलं की दोन मिनिटांत घामाच्या धारा लागत. दुपारी अजमत शेजारी बसून जेवला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून दोऱ्यासारखं काहीतरी पांढरं लोंबत होतं. घासाबरोबर ते आत जायचं, पुन्हा बाहेर यायचं. मच्छिंद्रने आपला डबा तसाच झाकला.

मग अप्पाराव जाऊन आले. त्यांच्या बोलण्यातून थुंकी उडे, ती हिरवट असे.

आणि गुरुवारी अकराला उषाचं नाव आलं.

उषा त्याची बायको. कंपनीच्याच प्रयोगशाळेत दाणे मोजायला होती.

"तू जायचं न्हाई," तो म्हणाला.

"आवं, माझं कामच हाय तिथं."

गुरुवारी त्याने तिला आपल्या खुर्चीत बसवलं, दाराकडे तोंड करून उभा राहिला. अप्पारावांनी हाक मारली म्हणून तो वळला, आणि खुर्ची रिकामी. तो धावला.

खोलीतला दिवा बंद होता. दार ढकललं तेव्हा उजेडाची एक पट्टी तिच्या तोंडावर पडली. तोंड आ वासलेलं. जिभेवर ओला कागद नीट अंथरलेला आणि त्यावर दाण्यांच्या ओळी.

दाण्यांना कोंब फुटले होते.

जवळ कुणीच नव्हतं. हनुवटीवरून लाळ ओघळत होती. त्याने तिच्या तोंडात बोटं घातली. कागद फाटत आला, पण दाणे येईनात. त्यांनी खाली जिभेत मूळ धरलं होतं.

एक दाणा ओढला तेव्हा मुळाचा बारीक ताण त्याच्या बोटांना कळला.

त्याने तिला दंडाला धरून बाहेर नळापाशी आणलं.

नळावर चूळ भरून उषा शांतपणे म्हणाली, "बोलावल्यावर जावं लागतंय ना. तुम्हीच तर केलंय तसं."

तिने भरून दिलेला तांब्या त्या रात्री त्याला तोंडाला लावता येईना. आपल्याच बायकोची शिसारी येते याची लाज वाटली, तरी येतच राहिली. सकाळी त्याने तिला नोकरी सोडायला लावली.

ऑफिसात जाऊन त्याने कॅलेंडरातून तिचं नाव काढायला घेतलं. संगणक विचारू लागला, यांच्या जागी कोण? चौकट रिकामी ठेवली तर पुढे जाईना. कोण्या सहकाऱ्याचं नाव टाकायचं म्हणजे त्याला आत ढकलण्यासारखंच होतं. जो इथवर येऊच शकणार नाही असं कुणीतरी हवं होतं. त्याने आपल्या मुलीचं नाव टाकलं, वेदिका. दीड वर्षाची पोर, बदनापुरात घरी आजीपाशी. चौकट मुकाट्याने बंद झाली. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

पुढच्या गुरुवारी सकाळी नोंद आली. अकरा वाजता, वेदिका, स्वीकारलं.

येऊन दाखव म्हणावं, असं मनाशी म्हणत त्याने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून गेले होते. दार बंद होतं, आत कुणी गेलं नव्हतं. तरी त्याने घरी फोन लावला. त्याच्या आईने, साळूबाईंनी, उचलला.

"वेदी कुठंय?"

"हाय की. मोरीत बसून राह्यली. अंधार हाय तरी रडना. लई गुणाची झाली बघ."

"आई, तिला उचल. उषा कुठंय?"

"तिच्यापाशीच हाय. हलवू नका म्हणती." आई हसल्या. "आन् मच्छिंद्रा, तिला भाताचा घास दिला ना, तर गिळत न्हाई. तोंड उघडं ठेवून जिभेवर तसाच धरून बसती."