फकिरा मिस्त्री खरं बोलतोय का?

"ही होडीची मोटार आता पाण्यात घालायची नाय!"

फकिरा मिस्त्रीने बोटावरचा तेलाचा थेंब अंगठ्याने चोळला आणि तो उठून उभा राहिला. "खालच्या गिअरच्या पेटीत पाणी शिरलंय. पंख्याच्या दांड्याचं, पाणी अडवणारं रबरी सील कापलं गेलंय. आज बंद पडंल नाय तर उद्या. पण पडंल ती मधेच."

"किती दिवस लागतील?" जीवनकाकाने विचारलं.

"सील मुंबईहून मागवावं लागंल. चार दिवस धरा."

"चार दिवस! अरे, परवा लक्ष्मीपूजन हाय! आज तीन वाजता फुलं निघाली नाय तर ती काय माझ्या डोक्यावर वाहू?"

फकिराने खांदे उडवले, पाना पिशवीत टाकला आणि तो आपल्या शेडकडे चालू लागला. जीवनकाका त्याच्या पाठीमागे जमिनीवर पचकन थुंकला.

"चोर लेकाचा! दोरीच्या एका ओढीत चालू होणारी मोटार, अन् म्हणे बंद पडंल! चार दिवस गुरगुरतीय एवढंच. म्हातारं माणूस खोकतं, म्हणून काय त्याला लगेच पोचवायचं का?"

काठावर बसलेल्या तिघांनी हे सगळं ऐकलं. तेजस्विनी तेरा वर्षांची, जीवनकाकाची पुतणी. दिवाळीच्या सुट्टीत देवळाली कॅम्पहून आलेला समर्थ तिचा आतेभाऊ, वय अकरा, तोंड मात्र साठीचं. आणि पूजा तेजस्विनीच्याच वर्गातली, शेजारच्या घरातली. पूजा फारसं बोलायची नाही.

पिंपळठाण गावाला तिन्ही बाजूंनी धरणाचं पाणी. होडीने पंचवीस मिनिटांत पलीकडे डांबरी रस्ता, तिथून टेम्पोने नाशिकचा फुलबाजार. होडी नको असेल, तर डोंगराला वळसा घालून ट्रॅक्टरने तीन तास हाडं खिळखिळी करून घ्यायची. गाव सगळं झेंडूवाल्यांचं. म्हणून ही जुनी मोटार म्हणजे गावाचा जीव की प्राण होती.

"मला तर वाटतं, मिस्त्री सपशेल थापा मारतोय," समर्थ म्हणाला. "आजीच्या फवारणी पंपाचं काय झालं होतं?"

ते तर गावात सगळ्यांनाच पाठ होतं. फकिराने पंपाचा चांगला भाग काढून घेतला होता, जुना घासलेला बसवला होता आणि वर नवीन टाकला म्हणून सांगितलं होतं. पण जीवनकाकाची आई, गोजराआजी, कसली ऐकते! तिने पंप त्याच्यासमोर उघडायला लावला आणि त्याचं पितळ उघडं पाडलं. तेव्हापासून फकिरा 'गुड मॉर्निंग' म्हणाला, तरी लोक घड्याळ बघून घ्यायचे.

"मग पकडू या चोराला!" समर्थ उडी मारून उभा राहिला. "त्यानेच पेटीत काहीतरी करून ठेवलं असणार!"

तेजस्विनीलाही ते पटलं. खरं सांगायचं तर, तिला ते पटायलाच हवं होतं. आज त्या होडीतून तिची आई जाणार होती, पूजाची आई सिंधुबाई जाणार होती, आणखी सहा बाया आणि काका. मिस्त्री खोटा ठरला, म्हणजे मग कसलीच काळजी नव्हती.

"आणि तो खरं बोलत असला तर?" पूजाने विचारलं.

दोन वर्षांपूर्वी पूजाचे वडील, तिचे आप्पा आणि गावाचे बहिरूकाका, अशाच एका दुपारी निघाले होते. त्यांच्या होडीचं इंजिनही आधी आठवडाभर कुरकुरत होतं. मधल्या पाण्यात ते बंद पडलं, वाऱ्याने होडी आडवी झाली. होडी तिसऱ्या दिवशी काठाला लागली. बहिरूकाका पाचव्या दिवशी.

"तर मग आपणच उघडून बघू," तेजस्विनी म्हणाली. "मिस्त्रीचं ऐकायला नको, काकाचंही नको."

जीवनकाका जेवायला गेला होता. जेवून तो घोरणार, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. मोटार होडीच्या मागच्या फळीवर उचलून ठेवलेली होती, पंखा पाण्याबाहेर. तेजस्विनीने काकाच्या हत्यारांतला पेचकस आणि पाना आणला आणि मोटारीच्या पेटीचा खालचा स्क्रू फिरवला. मिस्त्रीने सकाळी हाच उघडला होता.

पांढरं तेल टपकलं. पातळ, ताकासारखं.

"तेल काळं नाहीतर पिवळं असतं ना?" पूजा हळूच म्हणाली.

"म्हणजे पाणी आहे. पण ते त्यानेच ओतलं असेल!" समर्थ हट्टाला पेटला. "सकाळी स्क्रू काढला तेव्हा!"

"मी इथंच बसले होते. त्यानं थेंब घेतला अन् लगेच स्क्रू लावला. पाणी ओतायला त्याच्या हातात काय होतं?" पूजाने विचारलं.

"मग आदल्या दिवशी ओतलं असेल!"

तेल खोटं असू शकतं, हे समर्थचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. ज्याने एकदा फसवलं, तो दुसऱ्यांदा का फसवणार नाही? तेजस्विनीने स्क्रू परत आवळला. मिस्त्रीला खोटं करता येणार नाही अशी एखादी खूण हवी होती. सील पंख्याच्या मागे असतं, असं तो म्हणाला होता. मग पंख्यामागेच बघायला हवं.

पंख्याची पिन वाकवून बाहेर काढायला दहा मिनिटं गेली. समर्थच्या अंगठ्याची साल निघाली आणि तो "आई गं!" म्हणून असा ओरडला, की दोघींनी एकदम त्याचं तोंड दाबलं. मग पंखा धरून ठेवणारी मोठी चाकी, म्हणजे नट, सुटली. पंखा हातात आला.

दांड्याभोवती काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं. पिवळं. घासून, तापून, वितळून त्याचं कडं झालं होतं, आणि ते कडं सरळ सीलमध्ये घुसलं होतं.

"मासे धरायची दोरी!" समर्थ म्हणाला.

"नाही," तेजस्विनी म्हणाली.

तिने पेचकसाने एक टोक उकललं. नायलॉनचा पिवळा दोरा. फुलांच्या माळा ओवायचा. सुती दोरा तुटतो, म्हणून हल्ली सगळं गाव नायलॉनवरच ओवायचं. बाजारात कुणाची माळ कुठली हे कळावं, म्हणून प्रत्येक घर माळेच्या शेवटाला आपली खूण बांधायचं. कुणी काळी चिंधी, कुणी गवताची काडी. त्या कड्यात लाल लोकरीचा भिजका गोंडा अडकलेला होता.

लाल लोकर त्यांच्या घराची. गोंडे तेजस्विनीच करायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी न विकलेल्या माळांचं अख्खं पोतं तिने चालत्या होडीतून मागच्या बाजूने पाण्यात सोडलं होतं. "टाक पाण्यात, वाहून जातील!" असं काकाच म्हणाला होता. केशरी माळा पाण्यावर किती छान दिसल्या होत्या! तिने तर हात हलवून त्यांना टाटा केला होता. आपल्या हातांनी आपण आईला बुडवायला निघालो होतो, हे आता तिला लख्ख कळलं आणि तिला रडूच कोसळलं.

"तेजू, तू मुद्दाम नाही केलंस," समर्थ पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला.

"मुद्दाम नसलं म्हणून होडी बुडायची राहते का?" तिने नाक पुसलं. "मिस्त्री खरं बोलत होता. समर्थ, पळ! त्याला घेऊन ये. पाया पड, काहीही कर, पण आण!"

तिने पंख्याची चाकी परकराच्या खिशात टाकली.

तीन वाजता काठावर फुलांच्या क्रेटची रास लागली. बाया पदर खोचून उभ्या होत्या. जीवनकाका डोळे चोळत आला, त्याने मोटारीकडे पाहिलं आणि त्याची झोपच उडाली.

"पंखा कुणी काढला?"

"मी."

"तेजे! चाकी कुठाय?"

"देत नाही!"

बायांमध्ये कुजबुज झाली. काका हात उगारून पुढे आला, पण मध्ये गोजराआजी उभी राहिली. "आधी पोरीचं ऐक. मारायचं असंल तर मग मला मार."

तेजस्विनीने दोरा दाखवला, गोंडा दाखवला. पोतं कुणी ओतलं तेही सांगितलं. सांगताना मान वर करून सांगितलं. आईकडे बघायचा धीर मात्र तिला झाला नाही.

"झालं? निघाला ना दोरा?" काका म्हणाला. "मग आता काढून टाकला की झालं! एक खेप तर मारंल ना ती? उद्यापासून ठेवू बंद. फुलं काय तुझी वाट बघणार?"

"एक खेप," सिंधुबाई पुटपुटली. तिचा हात क्रेटवर तसाच राहिला. "तेबी असंच म्हणले व्हते."

तेवढ्यात समर्थ धापा टाकत आला. मागे फकिरा मिस्त्री, चेहरा आंबट.

"मला कशाला बोलावलं? मी तर चोर!"

"हो, आहात," तेजस्विनी म्हणाली. सगळे चमकले. "पंपाचं तुम्ही खोटंच बोलला होता. पण हे खरं आहे. मी उघडून बघितलंय."

फकिरा तिच्याकडे बघत राहिला. मग खाली बसला, दोऱ्याचं सुटं टोक हातात घेऊन त्याने मान डोलावली. "पंपाचं खोटं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. गावाने दोन वर्षं जे त्याच्या तोंडून काढायचा प्रयत्न केला, ते असं निघालं. "पण ही पेटी आता भरवशाची नाय, जीवन. आतले बेअरिंगचे बॉल गंजलेत. नको काढू होडी."

"तुझं ऐकून? कधीच नाय!"

दोन मोठी माणसं एकमेकांवर ओरडू लागली. बाया कधी याच्याकडे बघत, कधी त्याच्याकडे. ऊन उतरणीला लागलं, पाण्यावर वारा सुटला. हे भांडण संपेल आणि काका जिंकेल, हे तेजस्विनीला दिसत होतं, कारण फुलं काकाच्या बाजूने होती.

"काका!" ती किंचाळली. "चाकी देते! पण होडी बांधून चालवायची!"

"काय?"

"बाभळीला बांधायची. रिकामी. पंचवीस मिनिटं, जायला लागतात तेवढीच. चालली, तर बसतील सगळ्या. मीपण बसेन!"

"पोरी, असं जोर लावून चालवलं, तर उरलीसुरली पेटीपण जाईल," फकिरा म्हणाला. "आत्ता नुसत्या सीलवर अन् बॉलवर भागलं असतं."

"जाऊ द्या," गोजराआजी म्हणाली. "पेटी मिळती बाजारात."

काका छाती काढून हसला. "बांधा! बघाच आता!"

दोन जाड दोरांनी होडी बाभळीला जखडली. फकिराने दोरा कापून काढला, पंखा बसवला, चाकी आवळली. काका एकटाच आत बसला, आणि आजीने दम भरल्यावर त्याने जॅकेट घातलं. गावात जॅकेटं दोनच होती, आणि त्यातल्या एकावर मांजर व्यालं होतं. पहिल्या ओढीलाच मोटार धडधडली. दोर ताणले, मागे पाणी उसळलं.

पूजाने समर्थच्या मोबाइलवर वेळ लावली. या पाण्याचा कोपरा न् कोपरा तिला ठाऊक होता.

"पाच मिनिटं. आता लव्हाळ्याच्या पुढं गेलो असतो."

"बघा, कशी चालतीय!" काका ओरडला.

"नऊ. आता बेटाजवळ."

मोटार नुसती गुरगुरत होती. समर्थ कानात म्हणाला, "नाही बंद पडली तर?" तेजस्विनीने त्याचा हात घट्ट धरला.

"तेरा," पूजा म्हणाली, आणि थांबली. कुठे आलो असतो, ते तिने सांगितलं नाही. काठावर सगळ्यांना ते ठाऊक होतं. सिंधुबाईने पाण्याकडे पाठ फिरवली.

तेरा मिनिटं गेली, चौदा गेली, पंधरा गेली. मोटार चालूच! काकाने विजयाने हात वर केले. "मिस्त्री, बांध आता तुझं बोचकं!" दोन बायांनी क्रेट उचललेसुद्धा. फकिरा नुसता कान देऊन ऐकत राहिला.

सतराव्या मिनिटाला आत काहीतरी कडाडलं.

मोटारीने एक भयंकर किंकाळी फोडली आणि पंखा जागच्या जागी थांबला. उसळणारं पाणी निवलं. सैल पडलेल्या दोरांवर होडी वाऱ्याने हळूच आडवी फिरली, आणि काका मध्ये बसून राहिला, दोन्ही हात मोटारीवर ठेवून. त्याने दुसरी ओढ मारलीच नाही.

"आता कुठं असतो आपण?" तेजस्विनीच्या आईने विचारलं.

"अजून खोल पाण्यातच," पूजा म्हणाली. "कुठलाच काठ जवळ नाही."

काका काठावर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने तेजस्विनीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोतं टाकायला मीच सांगितलं होतं, पोरी. लोकांना सांगशील तेव्हा तेपण सांग." मग तो फकिराकडे वळला. त्याने तंबाखूची डबी पुढे केली. मिस्त्रीनेही ती घेतली.

फुलं ट्रॅक्टरने डोंगराच्या रस्त्याने गेली. निम्मी धक्के खाऊन पोचेपर्यंत काळवंडणार होती, हे सगळ्यांना माहीत होतं. आजी तिघांना जवळ घेऊन म्हणाली, "शाबास रे माझ्या वाघांनो! आज नऊ जणांच्या घरात दिवा लागंल, तो तुमच्यामुळं." समर्थने लगेच छाती फुगवली आणि सोललेला अंगठा सगळ्यांना दाखवत सुटला.

सिंधुबाई तेजस्विनीसमोर येऊन उभी राहिली, तिचे तेलाने माखलेले दोन्ही हात आपल्या पदराने पुसले, एकेक बोट, सावकाश. तेजस्विनीला वाटलं, आता आपण पुन्हा रडणार.

पूजा अजून काठावरच उभी होती. होडी बाभळीला बांधलेली, दोर पाण्यात लोंबत होते. मोबाइलवरची वेळ चालूच होती, तिने ती बंद केली नव्हती.

"आमच्या आप्पाची होडीपण अशी बांधून बघायला पाहिजे होती," ती म्हणाली. "कुणालाच सुचलं नाही."

जीवनकाकाने ते ऐकलं. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलला नाही.