दादाची पाळी

शनिवारी सकाळी अकराला ठमी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आत्या, मला बाबांचा तो खेळ शिकव."

आत्याने हातातली कवळी पाण्यात ठेवली. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायचा तिचा धंदा, बोटांना कायम प्लॅस्टर लागलेलं. ठमी तिच्या दादाची मुलगी. दादा गेल्यावर दोन महिन्यांनी जन्मली, आणि ठमी हे नाव आत्यानेच पाडलं. आता चांगली सोळा वर्षांची घोडी झाली होती. आई त्या विषयावर तोंड उघडत नसे, त्यामुळे बापाबद्दल काही विचारायचं तर आत्याकडेच धाव.

मागच्या खोलीतला दादाचा जुना कॉम्प्युटर घरघरत सुरू झाला. पडद्यावर नकाशा उमटला आणि आत्याची कळी खुलली.

"हे बघ, नवशिके सगळे एकच घोळ घालतात. शत्रू दिसला की धावत सुटतात. अगं, इथे घाई कोणाला आहे? आपली पाळी झाली की समोरच्याची. आधी नदीकाठी गाव वसव, धान्य साठव, सीमेवर पहारा ठेव. आणि पाळी संपवण्याआधी सगळा नकाशा एकदा डोळ्यांखालून घाल."

"बाबा असेच खेळायचे?"

"तुझा बाबा? छे! समोर सरळ रस्ता असला तरी हा दलदलीतून घोडी हाकणार. असला द्राविडी प्राणायाम की बघणाऱ्याला कंटाळा यावा. आणि वर जिंकायचा, मेला." शब्द निघून गेल्यावर आत्याने जीभ चावली.

एकाच कॉम्प्युटरवर दोघं खेळायची, म्हणून घरात नियम होता. एकाची पाळी असली की दुसऱ्याने खोलीबाहेर जायचं आणि दार लोटून घ्यायचं. कॉलेजचा अर्धा अभ्यास आत्याने असा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उरकला होता. काय दिवस होते ते.

ठमीला एक अर्धवट डाव सापडला. तारीख सोळा वर्षांपूर्वीची. शेजारी लिहिलेलं: दादाची पाळी.

"तो नको उघडूस," आत्या म्हणाली. मग तिचं तिनेच सांगून टाकलं. त्या डावात दोघांचा तह होता. तिने तो मोडून दादाचं बंदर घेतलं. "खेळातसुद्धा तुझ्यावर विश्वास ठेवायची सोय नाही," असं म्हणून दादा गाडी काढून निघून गेला. वाटेत अपघात झाला. ते वाक्य आत्याला अजून सलत होतं. एकदा तरी त्याची माफी मागायची होती, आणि ते आता शक्य नव्हतं.

तोवर ठमीने डाव उघडलाही होता. आत्या सवयीने उठली, तिला हाताला धरून बाहेर आली आणि दार लोटलं. स्वयंपाकघरात पोचल्यावर दोघींना हसू फुटलं.

"कोणासाठी बाहेर आलो गं आपण?" ठमी म्हणाली.

परत येऊन बघतात तर पडद्यावर 'छोटीची पाळी'. दादा आत्याला छोटी म्हणायचा.

"वेळ संपला की पाळी आपोआप पुढे जात असेल," आत्या म्हणाली. मग तिने नकाशा पाहिला. दादाचं घोडदळ बंदराकडे निघालं होतं. दलदलीतून.

तिने खुर्ची पुढे ओढली. मग निरोपाच्या चौकटीत तिने लिहिलं, 'बंदर परत घे. चुकलं माझं, दादा.' आणि पाळी संपवली.

या वेळी बाहेर कोणी हसलं नाही. भर दुपार होती, खिडकीतून ऊन आत आलं होतं. लोटलेल्या दाराआडून माऊसची टकटक ऐकू येत होती. ठमीने आत्याचा दंड घट्ट धरला. मग आवाज थांबला.

ठमी आधी आत शिरली आणि खुर्चीत बसली. आत्या तिच्या खांद्यावरून वाकली.

'तह मंजूर, छोटी.'

आत्याचे डोळे भरून आले. सोळा वर्षांत तिला या नावाने कोणी हाक मारली नव्हती. पुढची अक्षरं पुसट झाली. तिने हात लांब करून 'मान्य'वर दाबलं. तह झाला की पाळी आपोआप संपायची, तशी ती संपली.

"आत्या, खाली अट होती."

"कसली अट?"

"कोणीतरी ओलीस द्यायचं. तू वाचलीच नाहीस."

"कोण?"

"ठमी, असं लिहिलं होतं."

पडद्यावर दादाची पाळी आली.

"ऊठ," आत्या म्हणाली. "बाहेर चल आधी."

ठमी उठली नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

"तू जा. बाबा म्हणतात, मी थांबले तर चालेल."

खोलीत त्या दोघींखेरीज कोणीच काही बोललं नव्हतं.

ठमी खुर्चीच्या एका कडेला सरकून बसली, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.