बिराप्पाची हजेरी

हरिपूरच्या वाटेवरच्या त्या हायस्कुलात जून महिना उजाडला, की पहिल्याच आठवड्यात फळ्यावर सूचना लागायची : इंग्रजी पाचवीच्या विद्यार्थ्यांनी चित्रकला किंवा गायन यांपैकी एक विषय निवडावा.

निवडावा म्हणायचं एवढंच. निवड घरी बापानं आधीच करून ठेवलेली असायची. चित्रकलेच्या परीक्षेचा दाखला हातात असला की पोरगं मोजणी खात्यात नाहीतर एखाद्या छापखान्यात चिकटतं, हे सांगली-मिरजेतल्या शहाण्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. गायनाच्या दाखल्यावर कोण कुणाला चिकटवून घेणार? त्यामुळे लालासाहेब मास्तरांच्या चित्रकलेच्या वर्गात बाकं कमी पडत आणि कुतुबुद्दीन मास्तरांच्या गायनाच्या खोलीत सतरंजी अर्धी मोकळी राही.

कुतुबुद्दीन मास्तर मिरजेच्या तंबोरे बनवणाऱ्या घरातले. चार भाऊ भोपळे कोरत बसले आणि हा एकटा गात सुटला, म्हणून घरात त्यांची थट्टा व्हायची. पन्नाशी गाठलेला, किडकिडीत, रोज मिरजेहून सायकल मारत येणारा साधा माणूस. कान मात्र असा, की पाठीमागून कुणी खोकलं तरी नाव सांगायचा. माणसं चेहऱ्यानं ओळखण्याची तसदी त्यांनी आयुष्यात फारशी घेतली नव्हती.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या जूनमध्ये गायनाला नावं आली नऊ.

"दहा असतील तर वर्ग चालेल," हेडमास्तर म्हणाले. "नऊ असतील तर पेटीला कुलूप लावा आणि उद्यापासून भूगोल घ्या. शाळा समितीचा ठरावच आहे तसा."

मास्तरांना भूगोल येत नव्हता, हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे मनू. यादीतलं नववं नाव तिचं. तिची आई चंद्राबाई हळदीच्या वखारीत निवडायचं काम करायची, बाप पलटणीतून परत आलाच नव्हता. मार्गशीर्षातली गायनाची प्रवेशिका परीक्षा मनू पास झाली, तर मुलींच्या शाळेत गाणं शिकवायला तिला घेऊ, असं तिथल्या बाईंनी कबूल केलं होतं. नाहीतर मामानं एक बिजवर बघून ठेवला होता. पोरीचं वय चौदा आणि आवाज असा, की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मास्तरांनी पेटीवरचे हात काढून मांडीवर ठेवले होते.

म्हणून मास्तरांनी त्या दिवशी हजेरीच्या वहीत दहावं नाव लिहिलं. बिराप्पा मल्लाप्पा, वय तेरा. लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर कुणीही नव्हतं. असा मुलगा सांगलीत नव्हता, मिरजेत नव्हता, त्यांच्या माहितीत तर कुठेच नव्हता.

आता हजेरी घ्यायची म्हणजे नाव पुकारायला हवं, आणि शेजारच्या खोलीत हेडमास्तर बसलेले. नऊ पोरांनी मिळून तोड काढली. रोज एकानं बिराप्पाची 'हजर' द्यायची, यादीच्या क्रमानं. सोमवारी सयाजी, मंगळवारी त्याच्या पुढचा, असं करत शेवटी मनू. मग पुन्हा सयाजी. पोरांना खेळच मिळाला. प्रत्येकजण वेगळा सूर लावून 'हजर' म्हणायचा आणि बाकीचे तोंडात बोळा कोंबून हसायचे. मास्तरही हसत. कुणाचं काय बिघडत होतं त्यात?

श्रावणात सयाजी तापानं पडला. त्या दिवशी पाळी त्याचीच होती. मास्तरांनी खाली मान घालून नावं पुकारली, सयाजीपुढे गैरहजेरी मांडली, शेवटी सवयीनं "बिराप्पा" म्हणाले.

"हजर."

मास्तरांची लेखणी थांबली. आवाज सयाजीचा होता. जरा नाकातला, शेवटी किंचित वर जाणारा. त्यांनी मान वर केली. समोर आठ पोरं बसली होती आणि आठही जणं एकमेकांकडं बघत होती.

"कोण बोललं रे?"

"मी न्हाई मास्तर," एकजण म्हणाला. "सयाजीगत आवाज काढला कुणीतरी."

नक्कल करणारी पोरं असतातच. मास्तरांनी विषय वाढवला नाही.

पण त्याच आठवड्यात त्यांच्या ध्यानात आलं, की सगळे मिळून प्रार्थना म्हणतात तेव्हा एक आवाज जास्तीचा ऐकू येतो. कानावर अविश्वास दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्याचंही कारण सापडलं. गायनाची खोली एका जुन्या पेवावर बांधलेली होती. हळद साठवायचा तो जमिनीतला खोल खड्डा बुजवला होता म्हणे, पण नीट बुजवला नसावा. सतरंजीवर पाय आपटला की जमीन पोकळ वाजायची. पोकळीत आवाज घुमणार, आणि घुमलेला आवाज वेगळा वाटणार. त्यात नवल ते काय?

सयाजी ताप उतरून आला तो घोगरा होऊन आला. या वयात मुलांचा आवाज फुटतो, सगळ्यांचाच फुटतो. भादव्यात दुसऱ्याचा फुटला. मग तिसऱ्याचा. मास्तरांनी त्यांना वरच्या पट्टीतून खालच्या पट्टीत आणलं, आल्याचा काढा सांगितला. चौथा आवाज बसला तो जन्नतबीचा, मिरजेच्या अत्तरवाल्याच्या मुलीचा.

मुलींचा आवाज फुटत नाही.

तेव्हा कुठे मास्तरांनी वही उघडून क्रम पाहिला. सयाजी, दुसरा, तिसरा, जन्नतबी. ज्या क्रमानं 'हजर' दिली, त्याच क्रमानं आवाज चालले होते. त्यांना स्वतःचंच हसू आलं. मग ते उठून पाणी प्यायले.

चित्रकलेचे लालासाहेब मास्तर तसे खुशालचेंडू. दसऱ्याच्या आधी ते एक गठ्ठा घेऊन आले.

"स्मरणचित्राचा सराव घेतला पोरांचा. विषय दिला 'गायनाचा वर्ग'. येता-जाता खिडकीतून बघतात, म्हटलं बघू किती लक्षात राहतं. बघा तुमचं ध्यान कसं काढलंय!"

चौदा कागद होते. मास्तर कुठे जाडे, कुठे काठीसारखे, पेटी कुठे ट्रंकेएवढी. पोरं ती, त्यांना मापं कसली जमतात. पण चौदाही कागदांवर खांबाशेजारी, सतरंजीच्या मोकळ्या कोपऱ्यात, एक मुलगा बसला होता. पाठमोरा. चौदाही पोरांनी तो पाठमोरा काढला होता.

"हा कोण?" मास्तरांनी विचारलं.

"असं काय करता? तुमचा दहावा की."

"तुम्ही त्याला पाहिलंय?"

लालासाहेबांनी डोकं खाजवलं. "पाहिलं असणार की. रोज गातो तो. तोंड काही आठवत नाही बघा."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पात्यानं खरवडून ते नाव वहीतून काढलं. कागद विरून तिथं भोक पडलं. पोरांना दम दिला, की यापुढं कुणीही ती 'हजर' द्यायची नाही. मग हजेरी घेतली. मनूच्या नावावर थांबले आणि वही मिटली.

खोली शांत होती.

"हजर," खांबाकडून आवाज आला. तो जन्नतबीचा होता.

खरी जन्नतबी पुढच्या रांगेत बसली होती. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते.

मास्तर तसेच हेडमास्तरांकडं गेले आणि सगळं कबूल करून मोकळे झाले. नाव खोटं, मुलगा खोटा. वर्ग बंद करा, मी भूगोल शिकवतो, नाहीतर मला काढून टाका.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "दमलात तुम्ही. पाच-सहा पोरांचे घसे एकदम बसले की कुणीही घाबरेल. पण त्या बिराप्पावर कशाला राग काढता? त्या एकाचाच तर आवाज शाबूत आहे. परवा व्हरांड्यात उभा राहून ऐकलं मी. काय सुरेख गातो, आणि दर खेपेला निराळ्या आवाजात!"

"तो नाही आहे, साहेब."

"मग वर्गात दहा कसे?" हेडमास्तर म्हणाले आणि पुढच्या कागदाकडं वळले.

दिवाळीपर्यंत आठ पोरांचं गाणं गेलं, मग बोलणं गेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी घशात उजेड पाडून पाहिलं. घसे स्वच्छ होते. कुणी देवाला नवस बोललं, कुणी दर्ग्यात जाऊन दोरा बांधून आलं. आपण पेव उघडून बघावं असं मास्तरांना एकदा वाटलं. पण बंद पेवात कोंडलेली हवा एका श्वासात माणूस पाडते, हे हरिपूरच्या लहान पोरालाही माहीत होतं, आणि हेडमास्तर फरशी उकरायला देणारही नव्हते. खरं सांगायचं तर मास्तरांना त्या फरशीवर उभं राहायचीही भीती वाटू लागली होती.

राहिली होती मनू. मास्तरांनी तिला वर्गात येऊच दिलं नाही.

रोज दुपारी ते चंद्राबाईच्या घरी जाऊन शिकवू लागले. घर म्हणजे दोन खणांचं. पुढं ओटी, मागं चूल. चंद्राबाईनं त्यासाठी वखारीतली अर्धी पाळी सोडली होती. भाकरी थापता थापता ती लेकीचं गाणं ऐकायची आणि मधेच तिचे हात थांबायचे.

"आवं मास्तर, हिचा बा असाच गायचा," ती एकदा म्हणाली. "मला तेचं तोंड आता नीट आठवत न्हाई बगा. पर ही गायला लागली की त्यो घरात हाय असं वाटतं."

मनूनं मास्तरांना विचारलं, "मास्तर, मी किती येळा दिली असंल हो हजर?"

"तू कशाला मोजतेस? दोन-चार वेळा."

"आठ येळा," मनू म्हणाली. "मला लय मज्जा वाटायची."

मास्तरांना तिच्याकडं बघवेना. "काही होत नाही बेटी. सा लाव."

परीक्षेला आठ दिवस उरले होते. बुधवारची दुपार होती. मनूनं सा लावला. रे लावला. गंधारावर तिचं तोंड उघडं राहिलं आणि आवाज आलाच नाही.

तिनं पुन्हा श्वास घेतला. गळ्याची शीर ताणली. नुसती हवा आली.

मास्तरांनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, काय काय बोलले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पोरगी रडत होती आणि रडण्याचाही आवाज येत नव्हता. एवढा तयार कान अल्लानं दिला होता, पण त्याचा आता काहीही उपयोग नव्हता.

परीक्षा होऊन गेली. मामा बिजवराच्या घरी जाऊन सुपारी फोडून आला. मुलगी मुकी झाल्याचं ऐकून त्या लोकांची काही हरकत नव्हती. उलट बरंच झालं म्हणाले.

मास्तर तरीही रोज दुपारी येत राहिले. शिकवायचं काही नव्हतं. मनूच्या शेजारी तंबोरा घेऊन बसायचे, तिनं निदान ऐकावं म्हणून. चंद्राबाई त्यांना एक शब्द बोलली नव्हती. तेच त्यांना जास्त लागत होतं. आवाज गेल्याच्या बाराव्या दिवशी मात्र तिनं चुलीपासून ओटीवर येऊन विचारलं,

"मास्तर, खरं सांगा. माज्या पोरीचा आवाज परत येनार का न्हाई?"

मास्तरांनी तंबोरा खाली ठेवला. "मला माहीत नाही, चंद्राबाई."

"बारा दिस झाले वं. आई म्हणून हाक न्हाई ऐकली मी. घर खायला उठतंया."

ती पदरानं डोळे पुसत आत वळली. भाकरी तव्यावर टाकल्याचा आवाज आला. बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्यावरून हळदीची गाडी गेली आणि पिवळी धूळ दाराच्या फटीतून आत आली.

कडी वाजली.

"आई, दार उघड."

मास्तर जागच्या जागी थिजले. ती मनू होती. तीच जरा दबकी सुरुवात, तोच गोड शेवट. मनू त्यांच्या शेजारी बसली होती आणि तिनं त्यांची बाही मुठीत धरली होती.

"आले गं मने!" आतून चंद्राबाई ओरडली. पिठाचे हात तसेच घेऊन ती धावत ओटीवर आली. तिचा चेहरा आनंदानं उजळला होता.

मग तिला समोर बसलेली लेक दिसली.

ती थांबली. मनूकडं बघितलं. दाराकडं बघितलं.

"आई, किती येळ गं? ऊन लागतंया मला."

मास्तरांनी ओरडायला तोंड उघडलं. काय सांगणार होते ते? दाराबाहेर कोण आहे हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? शब्द सापडेपर्यंत मनू आईकडं झेपावली. तिनं आईचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ती मान हलवत राहिली, नाही, नाही, नाही.

चंद्राबाईनं खाली पाहिलं. त्या मुक्या तोंडाकडं ती खूप वेळ बघत राहिली.

"आई गं," बाहेरून आवाज आला. आता तो रडवेला झाला होता.

चंद्राबाईनं हळूच, एकेक बोट उलगडत, मनूच्या मुठीतून पदर सोडवून घेतला.

"थांब बाळा, आले," ती दाराकडं बघत म्हणाली आणि तिनं कडी काढली.