बाजार उघडल्या उघडल्या

ती निघाली होती दातांच्या डॉक्टरकडे आणि उतरली एक मजला आधीच. लिफ्टमधल्या बटणांवरचे आकडे कधीचे पुसले गेले होते. त्यामुळे अशी चुकलेली माणसं शेअर दलालाच्या त्या ऑफिसात रोज येऊन धडकत, ओशाळं हसत आणि परत फिरत. ही मात्र फिरली नाही. समोरच्या टेबलावर ‘नव्या गुंतवणूकदारांना मोफत मार्गदर्शन’ अशी पाटी होती. ती तिने सावकाश वाचली, हातातला डबा टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

“मोफत म्हणजे अगदी मोफत?”

“अगदी,” टेबलामागचा तो म्हणाला.

“मग सांगा. ईटीएफ म्हणजे काय? सगळे बोलतात, मी नुसती मान डोलावते.”

त्याला ऑफिसात सगळे मास्तर म्हणत. त्याचं काम समजावून सांगण्याचं. अमुक घ्या, तमुक विका असं बोलायची परवानगी नाही, आणि आपल्या ग्राहकाबरोबर बाहेर चहा प्यायचीसुद्धा नाही. चहातून ओळख, ओळखीतून टिप आणि टिपेतून तक्रार, असं मॅनेजरबाईंचं ठाम मत होतं.

“आधी सांगा, डब्यात काय आहे?”

तिने झाकण उघडलं. आतून एक गुलाबी कवळी त्याच्याकडे बघून हसली. मास्तर खुर्चीसकट मागे सरकला आणि ती खळखळून हसत सुटली. कवळ्या बनवणं हाच तिचा धंदा. बाहीवर प्लास्टरची पांढरी भुकटी, बोटांना मेणाचा वास.

“बरं झालं आणलीत,” तो सावरून म्हणाला. “एकेका कंपनीचा शेअर म्हणजे एकेक दात समजा. ईटीएफ म्हणजे ही अख्खी कवळी. एक युनिट घेतलं की बऱ्याच कंपन्यांचा थोडा थोडा वाटा तुमचा.”

“आणि एखादा दात निकामी झाला तर?”

“बाकीचे चावतात.”

“हे तर म्युच्युअल फंडासारखंच झालं की!”

“भाऊबंदच ते. फक्त हा शेअरसारखा बाजारात दिवसभर विकला-घेतला जातो, आणि भावही दिवसभर हलतो.”

तिने खातं उघडलं. मग डॉक्टरकडे माल पोचवायला आली की ती एक मजला आधी उतरू लागली. आता चुकून नव्हे. तिला स्वतःची लॅब काढायची होती, दात भाजायची भट्टी घ्यायची होती. बाबांच्या मते शेअर बाजार म्हणजे शुद्ध जुगार, आणि बाबांशी वाद घालायचा तर आधी विषय समजायला हवा.

“इंडेक्स ईटीएफ हा बाजाराच्या मागून निमूट चालणारा,” मास्तर सांगे. “निर्देशांक वर तर हा वर, तो खाली तर हाही खाली. स्वतःची अक्कल चालवत नाही, म्हणून खर्चही कमी.”

“असा नवरा मिळाला तर बरं...” ती म्हणाली आणि टेबलावरचा सरळच असलेला कागद सरळ करू लागली.

“सोन्याचा ईटीएफ म्हणजे घडणावळ न देता सोनं.”

“पण गळ्यात घालता येत नाही.”

“नाही. रोख्यांचा असतो तो सरकारला, कंपन्यांना दिलेल्या कर्जाचा. संथ, उड्या कमी.”

“आमचे बाबा!”

“परदेशी कंपन्यांचाही असतो, पण तिकडच्या चलनाचे चढउतार पदरात येतात. आणि सेक्टरचा म्हणजे एकाच धंद्याचा. नुसत्या बँका, नुसती औषधं.”

“नुसत्या दाढा.”

“हो. दुखल्या की सगळ्या एकदम!”

“खाली चहा घेऊ या?” तिने एकदा विचारलं. त्याने नाइलाजाने नियम सांगितला. ती “असं होय...” म्हणाली आणि डबा उचलून गेली. मास्तरला त्या दिवशी नोकरी नकोशी झाली. ती त्याला आवडत होती, फार आवडत होती, आणि या टेबलापलीकडे ती कधी भेटणार नाही ही धास्ती त्याने घेतली होती.

पुढच्या खेपेला तो एका महत्त्वाच्या मुद्द्यावर येत होता. “आता छोट्या फंडांचं बघा. त्यांना गिऱ्हाईक कमी, म्हणून—”

“तुमचा डावा सुळा किंचित पुढे आहे,” ती त्याच्या तोंडाकडे टक लावून म्हणाली. “म्हणून हसताना हात आडवा धरता ना? उगाच! इतका छान सुळा मला घडवता यायचा नाही.”

मास्तरचे कान लाल झाले. मुद्दा डोक्यातून पार उडाला.

काही दिवसांनी ती हसतच आली. “घेतला! वैद्यकीय उपकरणांचा, छोटासा ईटीएफ. बाजार उघडल्या उघडल्या!”

“भाव किती टाकलात?”

“टाकायचा असतो? तिथे ‘बाजारभावाने’ लिहिलं होतं, तेच दाबलं.”

त्याने स्क्रीन आपल्याकडे वळवून बघितली. अशा फंडात सकाळी विकणारे मोजकेच. भावाला मर्यादा घातली नाही की ते मागतील ती किंमत माथी पडते. आतल्या शेअर्सची खरी किंमत बरीच कमी होती. त्याने सगळं सांगितलं. तिचं हसू विरलं, भट्टी लांब गेली होती.

“हे तुम्ही आधी बोलला नव्हतात.”

“नाही.”

ती उठून गेली.

घरी वहिनीने ताटावरच हटकलं. “भावोजी, तोंड का पडलंय?” त्याने सांगितलं. “मग माफी मागा की! आणि मनातलं दुसरंही बोलून टाका एकदाचं. मला रोज हे तोंड बघवत नाही.”

ती पुन्हा आली, पण थेट मॅनेजरबाईंच्या टेबलाशी गेली. बाईंनी त्याला बोलावलं.

“यांना मार्गदर्शक बदलून हवाय. तुमची हरकत?”

संपलंच, त्याला वाटलं. “हरकत कसली... चूक माझीच. तो मुद्दा मी सांगतच होतो. पण यांनी माझ्या सुळ्याचं कौतुक केलं आणि मी बाजारबिजार सगळं विसरलो. मला या आवडतात, बाई. आता बोलून उपयोग नाही, पण खरं तेच आहे.”

मॅनेजरबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. तिने मान खाली घालून बदलाच्या अर्जावर सही केली, मग वळली. गाल लाल झाले होते.

“राग म्हणून बदल मागितला असं वाटलं तुम्हाला? राग आहेच, जाईल हळूहळू. पण रागापायी मी खातंच बंद केलं असतं.” तिने पेन बाईंना परत दिलं. “तुमची ग्राहक असेपर्यंत तुम्ही माझ्याबरोबर चहाला येणार नाही... मग मी काय करायचं होतं?”

मास्तर हसला, हात आडवा धरायचं विसरूनच.

“अहो, उभे काय राहिलात?” मॅनेजरबाई म्हणाल्या. “जा. यांच्या शंका इथून पुढे मी बघते.”